बोंडातली उत्क्रांती

उत्क्रांतीचा धडा शिकवताना आपण जी उदाहरणे देतो ती बहुधा लांबची असतात. गॅलापागोस बेटांवरच्या फिंच पक्ष्यांच्या चोची, मँचेस्टरच्या धुराने काळवंडलेल्या झाडांवरचे पतंग, फार तर जिराफाची मान. उदाहरणे चांगलीच आहेत. पण मुलांच्या मनावर त्यांचा ठसा असा उमटतो की, उत्क्रांती ही कुठल्यातरी बेटावर, कधीतरी फार पूर्वी घडून गेलेली गोष्ट आहे. या लेखात आपण यवतमाळ जिल्ह्यातल्या कपाशीत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घडलेल्या एका उत्क्रांतीचा इतिहास पाहणार आहोत. राळेगाव, घाटंजी, पांढरकवडा, वणी या भागातल्या शाळांमध्ये या घटनेचे साक्षीदार वर्गातच बसलेले असतील. नसल्यास त्यांच्या घरी नक्कीच आहेत.

मात्र त्याआधी थोडे समुद्राकडे जायला हवे. निसर्गात मोकळ्या राहणाऱ्या प्राण्यांमध्ये आनुवंशिकता कशी अभ्यासायची, याचा एक सोपा आणि सुंदर नमुना समुद्रपक्ष्यांनी दिला आहे.

उत्तर अटलांटिकच्या कड्यांवर गिलेमॉट नावाचे काळे-पांढरे पक्षी दाटीवाटीने वीण घालतात. त्यांतल्या काहींच्या डोळ्यांभोवती पांढरे कडे असते आणि त्यातून मागे एक पांढरी रेघ जाते, जणू चष्मा लावला आहे. जात एकच, पण काही चष्मेवाले आणि काही बिनचष्म्याचे. ऑक्सफर्डच्या एच. एन. सदर्न यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधल्या हौशी पक्षिनिरीक्षकांना कामाला लावले आणि एकेका कड्यावरचे चष्मेवाले मोजून घेतले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ते शंभरात एखादा सापडले आणि उत्तरेकडे जावे तसे वाढत गेले. शेटलंड बेटांवर तर चारात एक पक्षी चष्मेवाला होता. पुढे साधारण दहा-दहा वर्षांनी हीच मोजणी पुन्हा करण्यात आली. समुद्रपक्षी दरवर्षी त्याच कड्यावर परततात, म्हणूनच हे जमते. जंगलातल्या पाखरांची अशी शिरगणती करणे महाकठीण.

चष्मा हा एका जनुकाच्या अप्रभावी रूपामुळे येतो असे मानले जाते. म्हणजे आई आणि वडील अशा दोघांकडून ते रूप मिळाले तरच चष्मा दिसणार. आता १९०८ साली हार्डी आणि वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे मांडलेला साधा हिशेब आठवा. समूहात अप्रभावी रूपाचे प्रमाण एकदशांश असेल तर ते दोन्हीकडून मिळण्याची शक्यता एकदशांश गुणिले एकदशांश, म्हणजे शंभरात एक. प्रमाण निम्मे असेल तर चारात एक. दक्षिण किनाऱ्यावर शंभरात एक पक्षी चष्मेवाला दिसला, तरी त्या जनुकाचे प्रमाण दहा टक्के असते आणि ते बिनचष्म्याच्या पक्ष्यांत लपलेले असते. जे दिसते त्याच्या कितीतरी पट न दिसणारे समूहात फिरत असते, ही गोष्ट आपल्याला पुढे फार लागणार आहे.

यवतमाळहून पश्चिमेला निघा किंवा पूर्वेला, समुद्र साडेपाचशे किलोमीटरांहून दूर आहे. गिलेमॉट इथे यायचा नाही. पण जिल्ह्यात चार लाख हेक्टरांच्या पुढे कपाशी पेरली जाते आणि या कपाशीवर एक असा कीटक आहे की ज्याला जवळजवळ दुसरे अन्नच नाही. गिलेमॉटला जसा त्याचा कडा, तशी गुलाबी बोंडअळीला कपाशी.

भरूचची अळी

ही अळी शास्त्राला माहीत झाली ती आपल्याच देशातून. १८४२ साली भरूचकडच्या सरकारी कापूस लागवडीत तिने नुकसान केले, तिथले नमुने इंग्लंडला गेले आणि १८४३ मध्ये सॉन्डर्स यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तिचे आजचे शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती सरकीतून इजिप्तला पोचली, तिथून १९११ मध्ये मेक्सिकोला आणि १९१७ मध्ये टेक्सासला. सरकीत लपून प्रवास करणे ही तिची जुनी खोड आहे.

पतंग जेमतेम आठ-नऊ मिलिमीटरचा, करड्या-तपकिरी रंगाचा, रात्री उडणारा. मादी पात्या, फुले आणि कोवळी बोंडे यांवर अंडी घालते. पहिल्या पिढीतली अळी फुलात शिरते आणि पाकळ्या रेशमी धाग्याने आतून शिवून टाकते. ते फूल नीट उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखे दिसते. शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात. नंतरच्या पिढ्या बोंडात शिरतात. अळी आत गेली की शिरण्याचे बारीक छिद्र भरून येते, वरून बोंड हिरवेगार दिसत राहते आणि आत अळी सरकी खात बसते. बोंड फुटते तेव्हा कापूस पिवळट, चिकटलेला, कवडी झालेला निघतो. अशा अळीपर्यंत फवारा पोचणार कसा? अंडे ते पतंग हे चक्र साधारण महिनाभराचे. हंगाम संपताना काही अळ्या सरकीत किंवा पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत जातात आणि पुढच्या पावसाळ्याची वाट पाहतात.

कापूस या भागाला नवा नाही. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस बंद पडल्याने इथल्या कापसाला अचानक मोल आले. पुढे यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची शकुंतला धावू लागली तीही कापसासाठीच. तेव्हाचा कापूस मात्र आखूड धाग्याचा देशी होता. अमेरिकी जातीचा लांब धाग्याचा कापूस आणि त्याचे संकरित वाण नंतरचे. १९७० मध्ये सुरतेहून आलेला एच-४ हा व्यापारी लागवडीतला जगातला पहिला संकरित कापूस. संकरित वाण उत्पन्न देत, पण शेतात जास्त दिवस उभे राहत. पाण्याची सोय असली की वेचणी झाल्यावरही पीक न उपटता फरदड घ्यायची रीत पडली आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत शिवारात हिरवी बोंडे राहू लागली. अळीच्या दृष्टीने पाहिले तर तिला आणखी दोन-तीन पिढ्यांचे जेवण वाढले गेले.

‘सरावली’ म्हणजे काय?

१९८० आणि १९९० च्या दशकांत खरा शत्रू होता तो अमेरिकन बोंडअळी, म्हणजे हेलिकोव्हर्पा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके आली तेव्हा त्यांचा गुण मोठा वाटला. पण १९८७ च्या सुमारास आंध्र प्रदेशात त्यांना दाद न देणाऱ्या अळ्या दिसल्या आणि दशकभरात हा प्रश्न कापसाच्या सगळ्या पट्ट्यात पसरला. शेतकरी म्हणू लागले, “अळी औषधाला सरावली.”

हा शब्द वर्गात जरूर घ्यावा, कारण उत्क्रांतीबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज त्यात दडला आहे. तंबाखू खाणाऱ्याला तंबाखूची सवय होते, तशी एखाद्या अळीला विषाची सवय होत नाही. ज्या अळीला विष बाधते ती मरते आणि तिची गोष्ट तिथेच संपते. लाखो अळ्यांमध्ये जनुकातल्या एखाद्या फरकामुळे जिला ते विष बाधत नाही अशी एखादी आधीपासूनच असते. फवारणी तो फरक निर्माण करीत नाही, फक्त बाकीच्यांना बाजूला काढते. उरलेल्यांची पिल्ले शेत भरून टाकतात आणि आपल्याला वाटते अळी बदलली. प्रत्यक्षात अळ्यांचा समूह बदललेला असतो. फवाऱ्याला कीटक दाद देईनासे होतात का, असा प्रश्न ए. एल. मेलँडर यांनी १९१४ सालीच अमेरिकेतल्या फळबागांवरच्या खवले किडीवरून विचारला होता. म्हणजे डीडीटीच्या कितीतरी आधी.

या पार्श्वभूमीवर मार्च २००२ मध्ये महिको कंपनीच्या तीन संकरित बीटी वाणांना भारतात परवानगी मिळाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जीवाणू. १९०१ मध्ये जपानमध्ये रेशमाच्या किड्यांचा रोग शोधताना इशिवाता यांना तो सापडला आणि पुढे जर्मनीतल्या थुरिंजिया प्रांतावरून बर्लिनर यांनी त्याला नाव दिले. तो जी प्रथिने तयार करतो त्यांतल्या क्राय-१-एसी या प्रथिनाचे जनुक कपाशीत घातले गेले. अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात हे प्रथिन सक्रिय होते, आतड्याच्या पेशींवरच्या कॅडहेरिन नावाच्या ग्राहक प्रथिनाला जाऊन चिकटते आणि शेवटी पेशींना छिद्रे पडून अळी मरते. कुलपात किल्ली बसावी तसा हा प्रकार आहे. कुलूपच वेगळे असले तर किल्ली चालायची नाही.

२००६ मध्ये क्राय-२-एबी या दुसऱ्या प्रथिनाचे जनुकही असलेली कपाशी आली. तिला बीजी-२ म्हणतात. दशक संपता संपता यवतमाळच काय, देशातली बहुतेक सगळी कपाशी बीटी झाली. अमेरिकन बोंडअळी खरोखरच मागे हटली, सुरुवातीच्या वर्षांत बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या, हे मान्य करायलाच हवे. बीटीवर टीका करताना पुष्कळ जण हे विसरतात.

टाकून दिलेली पिशवी

बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर एक लहान, १२० ग्रॅमची पिशवी मिळत असे. तिच्यात बिगर-बीटी बियाणे असे आणि नियम असा होता की, शेताच्या कडेने त्याच्या किमान पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढे लावायचे. याला रेफ्युजी म्हणत, म्हणजे आश्रयाच्या ओळी. आश्रय कुणाला? तर अळीला! ज्या किडीला मारण्यासाठी महागाचे बियाणे घेतले तिच्यासाठीच शेताचा पाचवा हिस्सा सोडायचा, हे ऐकून कोणीही हसेल. बहुतेकांनी ती पिशवी बांधावर फेकली. काहींनी नांगे भरायला वापरली.

आता गिलेमॉटचा हिशेब इथे लावू. समजा, बीटी पचवणारे जनुकरूप अप्रभावी आहे आणि त्याचे प्रमाण हजारात एक आहे. मग दोन्हीकडून ते मिळालेली, बीटीवर जगणारी अळी दहा लाखांत एकच. ज्यांना ते एकाकडूनच मिळाले अशा मिश्र अळ्या मात्र पाचशेत एक, म्हणजे दहा लाखांत दोन हजारांच्या आसपास. त्या बीटीवर मरतात. सगळीकडे बीटीच असेल तर पतंग होऊन उडतील ते फक्त हे लाखांतले एकेक. त्यांना जोडीदार मिळेल तोही असाच. त्यांची सगळी प्रजा शुद्ध प्रतिकारक होईल आणि शेताची ती मालकीण बनेल. पण शेजारी बिगर-बीटी ओळी असतील तर तिथून शेकडो साधे पतंग उडतील. त्या एका प्रतिकारक पतंगाचे लग्न त्यांच्यापैकीच कुणाशी तरी लागेल. पिल्ले निघतील ती मिश्र आणि मिश्र पिल्ले बीटी कपाशीवर मरतील. आश्रयाच्या ओळी अळीला खायला घालतात ते एवढ्यासाठी की तिच्यातले दुर्मीळ जनुक दुर्मीळच राहावे.

हे कागदावरचे गणित प्रत्यक्षात टिकते का, याची परीक्षा याच अळीवर अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात झाली. ब्रूस टॅबॅश्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये शेतातल्या अळ्या तपासल्या तेव्हा प्रतिकारक रूपाचे प्रमाण ०.१६ भरले. मुलांना वर्ग करायला सांगा: ०.०२५६, म्हणजे शंभरातल्या अडीच अळ्या शुद्ध प्रतिकारक. हजारात एक हे आपले गृहीतक कुठे आणि हे कुठे! दोन-तीन वर्षांत बीटी संपणार असेच कोणीही म्हटले असते. पण १९९८ आणि १९९९ मध्ये प्रमाण वाढले नाही. तिथे आश्रयाच्या ओळी खरोखर लावल्या जात होत्या आणि शिवाय बीटी पचवणाऱ्या अळ्या इतर बाबतींत थोड्या दुबळ्या पडत होत्या. २००६ पासून तिथे प्रयोगशाळेत वाढवलेले अब्जावधी वंध्य पतंग विमानांतून सोडले. साध्या पतंगांचे काम त्यांनी केले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले.

आपल्याकडे उलटे घडले. २००८ च्या हंगामात गुजरातमधल्या अमरेलीकडच्या अळ्या क्राय-१-एसीला दाद देत नसल्याचे आढळले आणि २०१० मध्ये बियाणे तंत्रज्ञान पुरवणाऱ्या मोन्सॅन्टो कंपनीनेही ते मान्य केले. बीजी-२ ची दुहेरी तटबंदी अशा वेळी उभी राहत होती की, तिची पहिली भिंत आधीच पोखरली गेली होती. शिवाय काही वर्षे एकेरी आणि दुहेरी अशी दोन्ही वाणे शेजारी-शेजारी लावली गेली. एकेरीवर पहिली भिंत चढायला शिकायची आणि दुहेरीवर फक्त दुसरी चढायची. (शिकायची हा शब्द आम्हीही सवयीने वापरला, तो कसा घ्यायचा ते वर सांगितले आहेच.) २०१४-१५ पासून गुजरातेत बीजी-२ वरही अळ्या सापडू लागल्या. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने २०१० ते २०१७ या काळात देशभरातून बोंडे आणि अळ्या गोळा करून पाहिल्या. दोन्ही प्रथिनांविरुद्धचा प्रतिकार मध्य भारतात पोचल्याचे त्यातून स्पष्ट झाले.

इथे एक प्रश्न चांगले विद्यार्थी विचारतीलच. अमेरिकन बोंडअळीवरही तेच बीटी होते, तिच्या बाबतीतही ओळी लावल्या नव्हत्या, मग ती का नाही अशी उसळली? उत्तर यवतमाळच्या कोणत्याही शिवारात उभे आहे. कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ असते. हेलिकोव्हर्पा तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते. तिथे वाढलेले साधे पतंग कपाशीवरच्या प्रतिकारक पतंगांशी जुगतात. शेतकऱ्याने न ठरवता, आजोबांच्या रीतीने लावलेली तूर हाच तिचा आश्रय ठरला. गुलाबी अळीला तुरीचा काही उपयोग नाही. असे असताना काही कंपन्यांच्या पाकिटांत बिगर-बीटी कपाशीऐवजी तुरीचेच बी आश्रय म्हणून दिले गेले. एका किडीसाठी ते ठीक होते, दुसरीसाठी निरर्थक.

एकच गुणोत्तर, दोन परिणाम

अमेरिकेत आणि चीनमध्ये जे निभावले ते आपल्याकडे का ढासळले, याचे एक कारण मेंडेलच्या वाटाण्यात सापडते. या कारणाकडे केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. केशव क्रांती यांनी आवर्जून लक्ष वेधले होते.

आपली कपाशी संकरित, म्हणजे पहिल्या पिढीचे बियाणे दरवर्षी विकत घ्यायचे. संकराच्या दोन पालकांपैकी सहसा एकच बीटी असतो. त्यामुळे शेतातल्या प्रत्येक झाडात बीटी जनुकाची एकच प्रत असते. झाड बीटीच, पाने बीटी, बोंडाचे कवचही बीटी. पण बोंडातली सरकी ही पुढची पिढी! क्राय-१-एसीपुरते पाहिले तर चार सरक्यांपैकी तिनांत जनुक असणार, एकीत नसणार. दोन्ही जनुके स्वतंत्रपणे विभागली जातात असे धरले तर ९:३:३:१. सोळा सरक्यांपैकी नवांत दोन्ही प्रथिने, तिनांत एक, तिनांत दुसरे आणि एकीत काहीच नाही. एका बोंडात पंचवीस-तीस सरक्या असतात. म्हणजे प्रत्येक बोंडात विषमुक्त अशा एक-दोन सरक्या आणि अर्धवट विषाच्या दहा-बारा. पाने खाणाऱ्या अळीला याचा लाभ नाही. गुलाबी अळी मात्र सरकीच खाते. ज्या मिश्र अळ्या पुरते विष मिळाले असते तर मेल्या असत्या, त्यांतल्या काही या मिश्र ताटावर जगतात. आश्रयाच्या ओळींचे सगळे गणित मिश्र अळ्या मरतात यावर उभे आहे. त्यालाच इथे छेद जातो.

चीनच्या यांगत्से खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकरित झाडांपासून निघालेले दुसऱ्या पिढीचे बियाणे पेरले. तिथेही तीनास एक. पण फरक असा की तिथे ही फाळणी झाडांमध्ये झाली: शेतातली पाऊण झाडे बीटी आणि पाव झाडे पूर्णपणे बिगर-बीटी, शेतभर विखुरलेली. कुणी न सांगता आश्रय तयार झाला. तिथे गुलाबी अळीतला प्रतिकार कमी होत गेल्याचे चिनी शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. मेंडेलचे तेच गुणोत्तर झाडांत पडले तर अळीचा प्रतिकार रोखते आणि बोंडात पडले तर वाढवते. दहावीच्या पुस्तकातल्या चौकटीचा याहून बोलका उपयोग आमच्या पाहण्यात नाही.

प्रतिकारक अळ्यांच्या जनुकांत नेमके काय बिघडले होते? ॲरिझोनातल्या प्रयोगशाळेत निवडलेल्या प्रतिकारक अळ्यांमध्ये कॅडहेरिनच्या जनुकाची तीन बिघडलेली रूपे सापडली होती, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातल्या शेतांमधून आणलेल्या अवघ्या आठ प्रतिकारक अळ्या तपासल्या तेव्हा त्याच जनुकाची आठ नवी बिघडलेली रूपे निघाली आणि त्यांपासून संदेशाच्या एकोणीस वेगवेगळ्या प्रती तयार होत होत्या. हा निष्कर्ष २०१४ चा. एकाच अळीपासून प्रतिकार पसरला असता तर सगळीकडे एकच बिघाड दिसला असता. इथे कुलूप अनेक ठिकाणी, अनेक प्रकारांनी मोडले होते. क्राय-२-एबीच्या बाबतीत एबीसीए-२ या वेगळ्याच जनुकातले बिघाड २०१८ मध्ये पुढे आले.

२०१७ चा हंगाम यवतमाळ विसरणार नाही. पावसाळ्यातच फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात भरती झाले. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, दाट, दमट हवा, हातात एकापेक्षा जास्त औषधांचे मिश्रण आणि तोंडाला फार तर रुमाल. ही फवारणी एकट्या गुलाबी अळीसाठी नव्हती, रसशोषक किडींचाही जोर होता. पण बोंडअळीपासून फवारणी वाचवणार म्हणून घेतलेल्या बियाण्याच्या शेतात ती होत होती. दिवाळीनंतर वेचणीला लोक गेले तेव्हा विदर्भ-मराठवाड्यात एकामागून एक शेतांत बोंडे किडकी निघाली. उभ्या पिकात नांगर घातलेले आणि जनावरे सोडलेली शेते त्या हिवाळ्यात अनेक ठिकाणी दिसली.

दोष कुणाचा यावर पुष्कळ बोलले गेले. पिशवी फेकणाऱ्या शेतकऱ्याकडे बोट दाखवणे सर्वांत सोपे. आमचे मत वेगळे आहे. चार-पाच एकर कोरडवाहू असलेल्या माणसाने पाचवा हिस्सा अळीला द्यायचा आणि त्याचा फायदा सगळ्या तालुक्याला वाटून जायचा, अशी ती मागणी होती. एकट्याने पाळून उपयोग नाही, एकट्याने मोडून तोटा नाही. अशी मागणी करताना कारण तरी सांगायला हवे होते. पाकिटावरच्या बारीक अक्षरांतल्या सूचनेत ते नव्हते. विशेष म्हणजे ज्या वर्षांत त्या पिशव्या बांधावर पडत होत्या त्याच वर्षांत त्याच गावांतल्या शाळांत मेंडेलचे वाटाणे फळ्यावर काढले जात होते. त्या दोन गोष्टींचा संबंध आहे हे शाळेला कुणी कळवले नाही आणि शाळेनेही विचारले नाही.

नंतर नियम बदलला. बिगर-बीटी बी वेगळ्या पिशवीत न देता बीटी बियाण्यातच मिसळून ४७५ ग्रॅमचे एकच पाकीट आले, म्हणजे फेकायला काही उरले नाही. सरकीतल्या अळीसाठी अशी मिसळण किती उपयोगी, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही, कारण शेजारच्या बीटी झाडाचे पराग बिगर-बीटी झाडाच्या बोंडातही पोचतात. बाकीचे उपाय अळीचे बेटच काही महिने बुडवण्याचे आहेत: जूनआधी पेरणी नको, फरदड नको, डिसेंबर-जानेवारीत पीक उपटून पऱ्हाटी हलवावी, सरकी साठवणाऱ्या जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे लावावेत. १९७३ मध्ये ओळखल्या गेलेल्या, गॉसिप्लुअर नावाच्या मादीच्या गंधद्रव्याची वडी या सापळ्यात असते आणि नर पतंग तिच्या ओढीने येऊन अडकतात.

सदर्न यांना कड्यावरचे पक्षी मोजायला माणसे लागली, तशी इथेही लागतात, आणि हे काम आठवी-नववीच्या मुलांना सहज जमण्यासारखे आहे. कपाशीला पात्या लागल्यापासून शेतात एक-दोन सापळे लावून रोज सकाळी अडकलेले पतंग मोजावेत आणि तारीखवार लिहून ठेवावेत. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर तो धोक्याचा इशारा समजतात. शेतात फिरून डोमकळ्या मोजाव्यात, तोडाव्यात आणि जाळून टाकाव्यात. बोंडे धरल्यावर एकरी वीस हिरवी बोंडे, शेताच्या वेगवेगळ्या भागांतली, तोडून आणून चिरून पाहावीत. वीसपैकी दोनांत अळी निघाली तर पातळी ओलांडली. ताजी फवारणी झालेल्या शेतात मुलांना पाठवू नये, हे सांगायला नकोच. चिरलेल्या बोंडात अळी कोणत्या सरकीत आहे आणि कोणत्या सरकीला तिने तोंड लावलेले नाही, तेही वहीत काढून ठेवावे. अळी कोवळी असेल तर पांढुरकी दिसते, गुलाबी रंग शेवटी येतो. म्हणून पांढरी अळी पाहून ही दुसरीच आहे असे समजून ती पान उलटू नयेत.